मेल्यावर जीव जातो कुठं? घरचे अनुभव सांगा

धागाकर्ता, परभणी
तत्त्वज्ञान नको. घरात मरण झालं तेव्हा काय केलं, काय दिसलं, तेवढंच लिहा.
थोरल्या चुलत्यांचा दहावा गंगाखेडला, गंगेच्या म्हणजे आमच्या गोदावरीच्या काठी केला. पिंड मांडला, कावळे समोरच्या लिंबावर, पण खाली येईनात. मुलगा म्हणाला, "बहिणीच्या लग्नाचं बघतो." काहीच नाही. शेवटी काकू पुढं झाल्या, "शेताच्या धुऱ्याचं भांडण मिटवते, जा आता." लगेच शिवला. कावळ्याचा योगायोग म्हणा हवं तर, पण पुढं भांडण मिटलं ते काकूंनी मिटवलं म्हणून.

बीडकर
न शिवला तर दर्भाचा कावळा करतात. आमच्या गुरुजींच्या पिशवीत तयारच असतो.

जालन्याची सून
सासरे गेले तेव्हा रात्री ताटात पीठ पसरून, शेजारी दिवा लावून वर टोपलं झाकलं. सकाळी पिठावर बारीक नखांचे ठसे. "पाखराच्या जन्माला गेले," सगळे खूश. आमच्या घरात झुरळं लई, एवढंच सांगते.

लातूर
आम्ही लिंगायत. आज्जीला विभूती लावून, डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवून, बसवूनच समाधी दिली. जीव शिवात मिळाला, मग मागं भटकायला उरतं कोण? तरी आई कितीतरी दिवस आज्जीचा चहा ओतायची. सवय.

संभाजीनगर
मी मिलिंदचा विद्यार्थी. बाबासाहेबांनी १९५० साली काढलेलं हे कॉलेज. ज्या मिलिंद राजाचं नाव त्याला आहे, त्यानं भिक्खू नागसेनांना हेच विचारलं होतं. नागसेन आत्मा मानत नव्हते. एका दिव्यावरून दुसरा लावला तर पहिला दिवा तिकडं जातो का, असा त्यांचा उलटा सवाल! वडील गेले तेव्हा पिंड नाही, श्राद्ध नाही. बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत ते स्पष्टच आहे. भन्तेजींनी त्रिशरण, पंचशील दिलं, पुण्यानुमोदन, म्हणजे गेलेल्याच्या नावानं पुण्य वाटणं, झालं. आत्यानं मात्र कोपऱ्यात नेऊन विचारलं, "दादाला पोचलं का रे काही?" मला नागसेन आठवले, पण तिला दिवा काय सांगू?

खुलताबाद
आमच्यात रूह, म्हणजे जीव, कयामतपर्यंत बरजखमध्ये, मरण आणि कयामतीच्या मधल्या मुक्कामात. शब-ए-बरातला अब्बांच्या कबरीवर फातिहा पढतो. ते ऐकतात, असं अम्मी म्हणते. मी वाद घालत नाही.

किल्लारीजवळून
३० सप्टेंबर १९९३. गणपती बुडवून लोक झोपले होते, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंपात सगळं खाली. वरून पाऊस, लाकूड पुरेना, एकेका चितेवर कितीजण. दहावा कुणाचा, कुणी करायचा? करणाराच उरला नव्हता. आता गावाची तिथी एकच, त्यामुळं त्या दिवशी गुरुजी मिळणं मुश्कील. आम्ही नव्या गावात आलो, पण पित्राचं ताट आई जुन्या जागीच नेते. "बापूला नवं घर कुठं माहितंय?" भाऊ दरवर्षी कुरकुरतो आणि मोटरसायकल काढतो.