खान्देशातलं ऊन, बोअरचं पाणी आणि गाडीचं सिरॅमिक कोटिंग: पैसे घालावेत का?

गिरणाकाठ, चाळीसगाव

राम राम मंडळी. पुढच्या महिन्यात नवी सेडान येतेय, रंग गडद निळा. शोरूमवाले रंगावर चढवायच्या रक्षक थराचे, "९ एच सिरॅमिक, पाच वर्षं बघायचं काम नाही" म्हणून २६ हजार सांगताहेत. डिलिव्हरीच्या दिवशी सकाळी दोन-अडीच तासांत करून देऊ म्हणतात. गाडी अंगणात निंबाखाली उभी राहणार, शेड नाही. धुवायला बोअरचंच पाणी, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) ९०० च्या आसपास. आठवड्यातून दोनदा धुळे किंवा जळगाव. हे पैसे वसूल होतात का, की वॅक्सवर भागेल? करायचंच ठरवलं तर काय तपासून घ्यावं?

रंगशाळा, धुळे

भाऊ, दोन-अडीच तास म्हणाले तिथेच उत्तर मिळालं. तेवढ्या वेळात लागतं ते फार तर पॉलिमर सीलंट, म्हणजे वॅक्ससारखंच रंगावर पुसायचं कृत्रिम द्रव. वस्तू वाईट नाही, पण ती काही महिन्यांची, आणि तिला २६ हजार मोजायचं कारण नाही.

खरं सिरॅमिक म्हणजे सिलिकाच्या कुळातलं रेझिन. ते हवेतला ओलावा घेऊन क्लिअर कोटवर (रंगावरच्या पारदर्शक थरावर) घट्ट बसतं. थर साधारण एक-दोन मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), कधी त्याहून पातळ. कंपनीचा रंग सगळा मिळून १०० ते १४० मायक्रॉन, त्यात वरचा क्लिअर कोट ३५ ते ५०. हायवेवर ट्रकच्या टायरखालून उडालेला खडा हा थर अडवणार नाही. त्याला पीपीएफ (रंगावर चिकटवायची पारदर्शक फिल्म) लागते, ती १५० ते २०० मायक्रॉन जाड असते. ९ एच ही पेन्सिलच्या कडकपणाची चाचणी आहे. त्या पेन्सिलने रेघ उमटत नाही, एवढाच तिचा अर्थ. किल्लीने उमटते, धुळीने भरलेल्या फडक्याने तर नक्कीच.

मग मिळतं काय? धूळ-चिखल घट्ट धरत नाही, नुसत्या धारेने बराच निघतो. साबणाने, सौम्य आम्लाने थर लगेच उतरत नाही, वॅक्स उतरतो. रंग खोल दिसतो, आणि तुमच्या गडद निळ्यावर हे खरंच दिसेल.

पैसे जातात ते तयारीचे. नवी गाडीही यार्डात महिनोन् महिने उन्हात उभी असते. आधी शाम्पू, मग आयर्न रिमूव्हर. रंगात रुतलेले लोखंडाचे कण जांभळे होऊन ओघळतात. मग क्ले, म्हणजे रुतलेली घाण ओढून काढणारा मऊ मातीसारखा गोळा, तोही भरपूर साबणपाण्यावर सरकवत. क्ले जमिनीवर पडला तर फेकून द्यायचा, धुऊन वापरायचा नाही. त्यानंतर बारीक पॉलिश, आणि शेवटी एक भाग आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल, तेल काढणारं) नि चार भाग पाणी मारून पुसणं. हा शेवटचा टप्पाच गाळला जातो. पॉलिशचं तेल रेघांमध्ये बसून त्यांना झाकतं, कोटिंग त्या तेलावर चढतं आणि दोन-तीन महिन्यांत तेलासकट सुटतं. मग लोक म्हणतात, सिरॅमिक खोटं असतं.

म्हणून आयपीएने पुसून झाल्यावर, कोटिंगच्या आधी, तुम्ही स्वतः बॉनेटवर तिरपा टॉर्च मारून बघा. गोल-गोल रेघा दिसल्या तर काम थांबवायला सांगा, कारण कोटिंगनंतर त्या तशाच आत राहणार. कोटिंगच्या बाटलीचं सील तुमच्यासमोर फोडायला लावा. सेडानच्या एका थराला ३० मिली पुरतं. जाडीच्या मीटरने प्रत्येक पत्र्याचं रीडिंग लिहून घ्या. एखाद्याच दारावर २०० च्या वर आकडा आला तर ते यार्डात पुन्हा रंगवलेलं आहे, आणि तो विषय गाडी ताब्यात घेण्याआधीच शोरूमशी मिटवायचा. हे सगळं नीट करायला दीड-दोन दिवस लागतात.

बुकिंगच्या कागदावर एक वाक्य लिहून द्या: "डिलिव्हरीआधी गाडी धुऊ नये, पुसू नये." नव्या गाडीच्या पहिल्या रेघा तिथल्या फडक्यानेच पडतात.

हापशाचं पाणी, भुसावळ

वर सगळं बरोबर आहे, पण आपल्याकडे खरा घात पाण्याने होतो, आणि कोटिंग केलेल्या गाडीवर तो जास्त दिसतो. साध्या रंगावर पाणी पसरतं. कोटिंगवर त्याचे टपोरे मणी होतात. विकणारे याच मण्यांचा व्हिडिओ दाखवतात. मे महिन्यात हवा ४४-४५ अंश, गडद बॉनेट उन्हात ७० च्या घरात. मणी मिनिटभरात आटतो आणि त्यातला सगळा चुना एका टिंबात गोळा होतो. तुमच्या ९०० च्या पाण्यात लिटरमागे जवळपास एक ग्रॅम क्षार आहेत, एवढं लक्षात घ्या.

धुणं सकाळी सातच्या आत, पत्र्याला हात लावला तर गार लागला पाहिजे. साबणाचं काम बोअरच्या पाण्याने करा, पण एक-एक बाजू घेऊन, पूर्ण गाडी एकदम भिजवू नका. शेवटचं खळाळणं आरओच्या चांगल्या पाण्याने, कुंडीच्या झारीने. सेडानला आठ-दहा लिटर पुरतं. आरओचं वाया जाणारं पाणी पुष्कळ जण साठवून गाडीला वापरतात. ते मुळीच करू नका, त्याचा टीडीएस मूळ पाण्यापेक्षाही जास्त, तुमच्याकडे बाराशे-पंधराशे निघेल. मिठावर चालणारा सॉफ्टनर बसवला तर टीडीएस उतरत नाही, पण चुन्याऐवजी सोडियमचे क्षार राहतात आणि ते ओल्या फडक्याने निघतात. त्यामुळे त्याचा उपयोग आहे.

डाग पडलाच तर पांढरा व्हिनेगर आणि पाणी निम्मे-निम्मे. सावलीत, गार पत्र्यावर, कापड भिजवून मिनिट-दोन मिनिटं ठेवा, वाळू देऊ नका, मग भरपूर पाणी. गेला तर वरचा होता. तरीही कडा दिसत असेल तर डाग आत खोदला गेलाय, तो पॉलिशनेच जाईल आणि पॉलिशबरोबर तिथलं कोटिंगही.

वॉरंटीचा कागद वाचाच. पाण्याचे डाग आणि पाखरांची विष्ठा बहुतेक वेळा त्यातून वगळलेली असते, आणि दरवर्षीची पैसे भरून करायची तपासणी चुकली की वॉरंटी संपते.

दीपनगरच्या बाजूला ज्यांची गाडी उभी राहते त्यांच्यासाठी: वीजकेंद्राची राख कोरड्या झटकणीने कधीच काढू नका, आधी धार मारा.

केळीबाग, यावल

मी उलट सांगतो. शेड नसेल तर २६ हजारांतले पहिले पैसे पत्र्याच्या शेडला किंवा निदान हिरव्या नेटच्या मांडवाला घाला. ऊन, निंबाचा चिकटा, निंबोळ्या, साळुंक्या, हे चारही त्याने कमी होतात. कोटिंगने यातलं काहीच थांबत नाही. उन्हाने रंग फिका पडू नये म्हणून क्लिअर कोटमध्ये कंपनीनेच यूव्ही रोखणारे घटक घातलेले असतात. वरच्या एका मायक्रॉनने त्यात फारशी भर पडत नाही.

पाखरांची विष्ठा कोटिंगवरही खोदते. तापलेला क्लिअर कोट मऊ होतो, रात्री गार होताना आवळतो आणि डाग धरून बसतो. पाच मिनिटं ओलं कापड ठेवा, मग उचला, घासू नका. उन्हाळ्यात दुपारपर्यंत थांबलात तर खूण राहते. केळीचा चीक ओला असतानाच साबणपाण्याने धुवायचा, वाळून तपकिरी झाला की त्रास होतो.

शेडनंतर स्प्रे सीलंटची बाटली घ्या. दर तीन-चार महिन्यांनी हात फिरवायचा, वर्षाला दोन-तीन हजारांत भागतं. गाडी पाच वर्षांत विकायची असेल तर एवढं पुरेसं आहे. गडद रंग, शेड आणि बरं पाणी, तिन्ही असतील तर मग खुशाल कोटिंग करा.

गिरणाकाठ, चाळीसगाव

शोरूमला नाही सांगतो. आधी शेड. बाटली आणून हिवाळ्यात घरीच कोटिंग करता येईल का? आणि मणी बनायचे थांबले म्हणजे थर गेला असं समजायचं का?

रंगशाळा, धुळे

येईल. डिसेंबर-जानेवारी उत्तम, बंद शेडमध्ये, पत्रा गार. मे महिन्यात करू नका, थर पसरवेपर्यंतच चिकट होतो. पावसाळ्यात दमटपणामुळे तेच होतं.

एका वेळी दोन फूट बाय दोन फूट. सुएडच्या (मऊ, लवदार) कापडावर सुरुवातीला आठ-दहा थेंब, नंतर चार-पाच. आधी उभा हात, मग आडवा. पृष्ठभागावर इंद्रधनुष्यासारखी झाक आली की पहिल्या मायक्रोफायबरने दाब न देता सारखं करा, दुसऱ्या कोरड्याने पुसा. थंडीत याला एक ते तीन मिनिटं मिळतात, पण बाटलीवर लिहिलंय तेच धरा. प्रत्येक भागानंतर बाजूने टॉर्च मारा. गडद पट्टा राहिला असेल तर तासाभरात तिथेच पुन्हा थोडं कोटिंग लावून लगेच पुसलं तर विरघळतो. दुसऱ्या दिवशी सापडला तर पॉलिश. वापरलेली फडकी फेकून द्या, त्यांत थर कडक होतो आणि पुढच्या धुण्यात तीच रेघा मारतात. हातमोजे घाला, दार थोडं उघडं ठेवा. चोवीस तास पाणी नको, सात दिवस शाम्पू नको. एखादा पत्रा नव्याने रंगवलेला असेल तर तिथे महिनाभर थांबा, आतला सॉल्व्हंट निघायला वेळ लागतो.

मणी थांबले म्हणजे लगेच थर गेला असं नाही. बहुतेक वेळा वर धूळ आणि क्षारांचा लेप बसलेला असतो. आधी शाम्पू, मग आयर्न रिमूव्हर, तरी नाही तर वर सांगितलेलं व्हिनेगरपाणी. त्यानंतर छत आणि दारं शेजारी-शेजारी भिजवून बघा. दारांवर मणी आले आणि छतावर नाही, तर फक्त छत आणि बॉनेट पुन्हा करा, सगळी गाडी नको.