लॉरेल कॅन्यनच्या व्हिडिओवरून सोसायटीच्या ग्रुपवर झालेली चर्चा

ए-२०२: वरचा व्हिडिओ जरूर बघा. लॉस एंजेलिसच्या लॉरेल कॅन्यन या डोंगरवस्तीतले साठच्या दशकातले रॉक गायक म्हणे अमेरिकन लष्करी गुप्तचरांनीच पेरले होते, व्हिएतनाम युद्धाला विरोध करणारी पोरं नशेत बुडावीत म्हणून. त्यातल्या ‘द डोअर्स’च्या गायकाचे, जिम मॉरिसनचे वडील तर नौदलात ॲडमिरल!

सी-५०१: ॲडमिरल होते, खरंय. ऑगस्ट १९६४ मध्ये व्हिएतनामजवळच्या टॉंकिनच्या आखातात चकमक झाली तेव्हा तिथल्या अमेरिकन विमानवाहू ताफ्याची सूत्रं जॉर्ज स्टीफन मॉरिसन यांच्याकडे होती. त्यातला ४ ऑगस्टचा हल्ला झालाच नव्हता, हेही पुढे अमेरिकन सरकारच्याच कागदपत्रांतून बाहेर आलं. पण याच वडिलांनी मुलाला पत्र लिहून कळवलं होतं की तुझ्यात गाण्याचा गुण नाही, हा नाद सोड. आणि मुलाने रेकॉर्ड कंपनीला सांगून टाकलं, माझे आईवडील हयात नाहीत. एका घरातलं इतकं दुखरं भांडण आहे हे. त्याला कट म्हणायचं?

बी-१०३: काका, एकटा मॉरिसन नाही ना. तिथलाच दुसरा रॉक गायक फ्रँक झॅपा, त्याचे वडील अमेरिकेतल्या एजवूडला रासायनिक शस्त्रांच्या केंद्रात होते. आणि कॅन्यनमध्येच, लुकआउट माउंटनवर, हवाई दलाचा गुप्त स्टुडिओ होता.

सी-५०१: होता रे, १९४७ ते १९६९. अणुचाचण्यांच्या फिल्म तिथे तयार व्हायच्या. हॉलिवूड पायथ्याशी, कसलेले तंत्रज्ञ हाताशी, म्हणून ती जागा. आता वडिलांचं. दुसऱ्या महायुद्धात सुमारे १ कोटी ६० लाख अमेरिकन गणवेशात होते. त्या पिढीच्या कुठल्याही दहा गायकांच्या घरी डोकावलास तरी कुणाचे वडील, कुणाचा काका सैन्यात निघणारच. माझे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. आमच्या क्वार्टर्समध्ये घरटी तेच. तिथल्या आम्ही चौघांनी ऑर्केस्ट्रा काढला, मी कोंगो वाजवायचो. बोटं सोलवटून शिकलो. त्यावर उद्या कुणी संरक्षण खात्याचा शिक्का मारला तर मला ते सहन होणार नाही.

बी-४०४: काका, तुमचं दुःख कळतं. पण सीआयए या अमेरिकन गुप्तचर संस्थेने मनावर ताबा मिळवण्याच्या एमके-अल्ट्रा प्रकल्पात माणसांना न सांगता एलएसडी हे भास घडवणारं द्रव्य दिलं होतं आणि १९७३ मध्ये त्याच्या बहुतेक फायली नष्ट केल्या. मग लोकांना संशय येणारच ना?

सी-५०१: यावाच, ताई. पण तो पुराव्यापाशी जाऊन थांबावा. बीटल्सवाल्या जॉन लेननचं घ्या. १९७२ मध्ये निक्सन सरकार त्याला देशाबाहेर काढायला निघालं होतं, एफबीआय या तपास यंत्रणेची पाळत होती. एका इतिहासकाराने त्या फायलींसाठी १९८३ मध्ये दावा लावला, शेवटचे १० कागद हाती आले २००६ मध्ये. तेवीस वर्षं झगडला तो माणूस! असे व्हिडिओ फिरत राहिले की त्याच्या कष्टाकडे कुणी बघत नाही. मला राग त्याचा येतो. शिवाय सरकारने संगीत वापरलं तेही उघडपणे. १९५८ मध्ये जॅझ पियानोवादक डेव्ह ब्रुबेक मुंबईत वाजवून गेला तो अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या दौऱ्यावरच.

ए-२०२: मी पहिली दहा मिनिटं बघूनच पाठवला होता. मॉरिसन बापलेकांचं पुढे काय झालं?

सी-५०१: मुलगा ३ जुलै १९७१ ला पॅरिसमध्ये गेला, २७ वर्षांचा. त्याचं थडगं तिथेच आहे. वडिलांनी नंतर त्यावर ग्रीकमधले चार शब्द बसवून घेतले. साधारण अर्थ, आपल्या आतल्या दैवताला धरून राहिला.

ए-२०२: व्हिडिओ काढून टाकतो, काका.

बी-१०३: लुकआउट माउंटनच्या बऱ्याच फिल्म आता खुल्या झाल्यात. रविवारी लॅपटॉप घेऊन वर येऊ का?

सी-५०१: ये. चारनंतर ये.