रुग्णाचे नाव न आठवता खाटेचा क्रमांकच आठवू लागला तर?

रात्रपाळी : मी एका सरकारी रुग्णालयात अकरा वर्षे अधिपरिचारिका आहे. गेल्या आठवड्यात अडतीस रुग्णांच्या वॉर्डात मी एकटीच असताना पहाटे चारच्या सुमारास एक आजोबा गेले. सलाईन काढले, केस पेपर पूर्ण केला, नातेवाइकांना धीर दिला. पण सकाळी पुढच्या पाळीला हँडओव्हर देताना माझ्या तोंडून ‘चौदा नंबर एक्स्पायर’ एवढेच निघाले, कारण नाव आठवतच नव्हते. नुकतेच आमचे भावनिक बुद्धिमत्तेचे एक दिवसाचे प्रशिक्षण झाले. माझ्यातली समानुभूतीच (दुसऱ्याचे दुःख जाणून घेण्याची वृत्ती) आटली आहे का?

मानसशास्त्राची शिक्षिका : मास्लाक आणि जॅक्सन या मानसशास्त्रज्ञांनी 1981 मध्ये बर्नआउट, म्हणजे कामाच्या ताणातून येणारी दमणूक, मोजण्यासाठी जी प्रश्नावली मांडली, तिच्यात भावनिक थकवा आणि कर्तृत्वाची भावना यांच्याबरोबरच माणसाकडे माणूस म्हणून पाहणे सुटत जाण्याचाही विचार आहे, तुमचा ‘चौदा नंबर’ त्यातलाच वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात बर्नआउट हा आजार नसून कामाच्या ठिकाणच्या, आटोक्यात न आलेल्या दीर्घ ताणाचा परिणाम आहे. स्वतःत झालेला बदल तुम्हाला जाणवला आणि खुपला, म्हणजे भावना ओळखण्याची क्षमता शाबूत आहे.

निवृत्त परिसेविका : ताई, भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार सर्वसाधारण वॉर्डात शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि इतरत्र पाच रुग्णांमागे एक परिचारिका हवी. अडतीस रुग्णांमागे एक, हा हिशेब कोणत्या प्रशिक्षणाने जुळणार? (आमच्या वेळी प्रशिक्षक दीर्घ श्वास घ्यायला सांगत, तेवढ्यात कोणाचे तरी सलाईन संपलेले असे.) माझ्या वॉर्डात हँडओव्हरला आधी नाव आणि मग खाट, असा नियम मी केला होता. त्याने बरे वाटे, पण थकवा उतरला तो रात्री दुसरी परिचारिका मिळाल्यावरच.

आयसीयू स्टाफ : नावाचा नियम केवळ मायेचा नाही. खाट बदलते, आणि एकाच वॉर्डात दोन पाटील असले की इंजेक्शन चुकू शकते. म्हणून नाव आणि नोंदणी क्रमांक दोन्ही पडताळावेत.

रात्रपाळी : आजोबांचे नाव नोंदवहीत पाहिले. दुसऱ्या परिचारिकेसाठी अर्ज करते आहे. त्यात महिन्याची सरासरी रुग्णसंख्या पुरेल का?

निवृत्त परिसेविका : सरासरी नको. प्रत्येक रात्रीचा आकडा तारखेनिशी लिहा, अधिसेविकांची (मेट्रनची) पोच घ्या आणि एक प्रत स्वतःजवळ ठेवा.