बुरखा, नकाब, रिदा: माहिती आणि मतं, दोन्ही लिहा

सुईदोरा
टोपीवाल्या बुरख्याचा जुना फोटो कुणीतरी पाठवला आणि तो शिवायची सगळी रीतच डोळ्यांपुढे आली. सुती कापड, डोक्याला घट्ट बसणारी गोल टोपी, तिच्याभोवती चुण्या, डोळ्यांपुढे जाळी. आता क्वचितच दिसतो. वाद घालताना लोक सरसकट सगळ्यालाच बुरखा म्हणतात, म्हणून हा धागा. अबाया म्हणजे खांद्यापासून घोट्यापर्यंतचा झगा. हिजाबात डोकं आणि मान झाकते, चेहरा उघडा. नकाबात फक्त डोळे दिसतात. बोहरी बायकांचा रिदा दोन भागांचा, रंगीत, लेस लावलेला, चेहरा उघडाच. मत काहीही द्या, पण यातल्या कशाबद्दल ते आधी सांगा.

गच्चीवरची तुळस
नकाबाबद्दल. माझा विरोध आहे. समोरच्याचा चेहरा दिसला पाहिजे, वर्गात तर नक्कीच.

खाडीपलीकडे
चेंबूरच्या कॉलेजच्या प्रकरणात नेमका हाच फरक आला. हिजाब, नकाब, बुरखा, टोपी, बॅज सगळ्यावर एकाच परिपत्रकात बंदी होती. मुंबई उच्च न्यायालयाने २६ जून २०२४ ला विद्यार्थिनींची याचिका फेटाळली. ९ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने हिजाब, टोपी, बॅजपुरती स्थगिती दिली, वर्गात बुरखा-नकाबाला परवानगी नाहीच. अंतरिम आदेश आहे हो, अंतिम निकाल समजू नका. कर्नाटकच्या हिजाब प्रकरणात १३ ऑक्टोबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींची दोन मतं पडली, ते वेगळं.

जायफळ
धर्माचं म्हणाल तर एकमत नाहीच. कुराणातल्या सूरह नूरच्या ३१व्या आयतीत ओढणी छातीवर घ्या असं आहे. चेहऱ्याचा पडदा वाजिब, म्हणजे सक्तीचा, मानणारे आलिम (धर्मपंडित) आहेत, न मानणारेही आहेत. आणि हजच्या एहरामात, म्हणजे यात्रेतल्या पवित्र अवस्थेत, बाईने नकाब लावायचा नसतो. मी स्वतः चेहरा झाकायच्या बाजूची नाही, पण जी स्वखुशीने झाकते तिचा नकाब कुणी ओढू नये.

गच्चीवरची तुळस
@जायफळ ओढायचं तर मीही म्हणत नाही ताई. पण स्वखुशी आणि घरच्यांचा धाक, बाहेरून ओळखायचं कसं?

जायफळ
बाहेरून नाही ओळखता येत. म्हणून तर दंडाने प्रश्न सुटत नाही. फ्रान्समध्ये ११ एप्रिल २०११ पासून सार्वजनिक ठिकाणी चेहरा झाकल्यास १५० युरोपर्यंत दंड आहे. जिच्यावर धाक आहे तिचं घराबाहेर पडणंच बंद होणार.

पाटा-वरवंटा
मतदान केंद्रावर काम करणाऱ्यांसाठी: पर्दानशीन (चेहरा झाकणाऱ्या) मतदार असतील तिथे ओळख पटवायला स्त्री कर्मचारी हवी आणि कापडाचा आडोसा हवा. तो आदल्या दिवशी साहित्य घेतानाच मागून घ्या. सकाळी रांग लागल्यावर चादर शोधत बसलं की बाईचा अपमान होतो आणि भांडण पेटतं. आडोशाआड चेहरा बघायचा, यादीशी ताडायचा, शाई बोटाला. दोन मिनिटांचं काम आहे.

निळी शाई
पासपोर्टच्या फोटोत डोकं झाकलेलं चालतं, पण हनुवटीपासून कपाळापर्यंत चेहरा स्पष्ट हवा. ओढणीची सावली गालावर पडली तर फोटो परत येतो. पिन मागे लावा.

सुईदोरा
शिवणाचं राहिलंच. अबायाचा ५२, ५४, ५६ हा नंबर म्हणजे इंचात उंची. माप चप्पल घालून, खांद्यापासून जमिनीपर्यंत, त्यातून एक-दीड इंच वजा. नाहीतर जिन्यात पाय अडकतो. मनगटाचं इलॅस्टिक सैल ठेवा, वजूला, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुताना, बाही कोपरापर्यंत वर गेली पाहिजे. नकाबाला इलॅस्टिकपेक्षा बंद बरे, दिवसभरात कान आणि कनपट्या दुखत नाहीत.

कैरीचं लोणचं
माझ्या अबायाच्या निदा कापडावर तेलाचा डाग पडलाय 😢 पाणी लावू का?

सुईदोरा
@कैरीचं लोणचं पाणी नको! टाल्कम पावडर दाबून रात्रभर ठेवा, सकाळी झटका, मग साबण. इस्त्री उलट्या बाजूने, वर मलमलचं फडकं टाकून. सरळ बाजूने गरम इस्त्री फिरली की काळ्या निदाला चकाकी येते, ती जात नाही.

खाडीपलीकडे
आणि स्कूटरवर मागे बसताना घेर मांडीखाली घट्ट दाबून घ्या, चाकात गेला की गळा आवळला जातो. ओढणीलाही तेच लागू. प्रयोगशाळेत बर्नरपाशी सिंथेटिक नकोच, ते वितळून कातडीला चिकटतं.

गच्चीवरची तुळस
हे कॉलेजच्या मुलींच्या ग्रुपवर टाकते. सगळ्याच मुलींच्या.