आयसीयूतील रुग्णाच्या रक्तात कॅन्डिडा : डॉक्टरांना काय विचारावे?

माळरान :
आतडे फुटल्यामुळे वडिलांवर तातडीची शस्त्रक्रिया झाली आणि तेव्हापासून ते आयसीयूत आहेत. त्यांच्या ब्लड कल्चरमध्ये (रक्तातील जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत) कॅन्डिडा नावाची बुरशी वाढल्याचे डॉक्टरांनी सांगितले असून कॅस्पोफंजिन हे बुरशीविरोधी औषध सुरू केले आहे. २०२१ मधील काळ्या बुरशीच्या आठवणीने घरातले सगळे हादरून गेले आहेत. हा तोच आजार आहे का? एवढी प्रतिजैविके चालू असताना बुरशी रक्तात गेलीच कशी? आम्ही डॉक्टरांना नेमके काय विचारावे?

सूक्ष्मदर्शी (सूक्ष्मजीवशास्त्र विभागात काम) :
हा तो आजार नव्हे. म्युकरमायकोसिसची, म्हणजे काळ्या बुरशीच्या आजाराची, बुरशी बहुधा श्वासावाटे शिरते आणि मधुमेह आटोक्यात नसेल किंवा स्टेरॉइड चालू असतील, तर सायनस, डोळा, मेंदू अशी पुढे सरकते. कॅन्डिडा निरोगी माणसाच्या आतड्यातही असते. प्रतिजैविके तिला मारत नाहीत. उलट तिला आवर घालणारे आतड्यातले जिवाणू त्यांच्यामुळे कमी होतात, आणि त्यातच आतड्याला छिद्र पडले, मानेत सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी) असली किंवा शिरेतून पोषण चालू असले, की तिला रक्तात शिरायला वाट मिळते. थुंकीत कॅन्डिडा सापडली तर सहसा उपचारांची गरज नसते. रक्ताच्या एकाच बाटलीत वाढली, तरी नमुना दूषित झाला असेल असे म्हणून ती सोडून देता येत नाही. म्हणून औषध लगेच सुरू झाले, हे फार चांगले झाले.

पहिला प्रश्न प्रजातीचा विचारा. भारतातील २७ आयसीयूंच्या पाहणीत दर १००० भरतींमागे सुमारे ६.५ रुग्णांना हा संसर्ग झालेला आढळला आणि त्यांत ट्रॉपिकॅलिस ही प्रजाती सर्वाधिक होती. ऑरिस ही प्रजाती असेल तर चिंता अधिक, कारण ती फ्लुकोनॅझोल या नेहमीच्या बुरशीविरोधी औषधाला बहुधा दाद देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये तिला सर्वांत गंभीर गटात घातले आहे. सेंट्रल लाइन काढता किंवा बदलता येईल का, हेही विचारा, कारण तिच्यावर बुरशीचा थर बसलेला असेल तर औषध त्यात नीट पोहोचत नाही. कल्चर पुन्हा पुन्हा पाठवावे लागते आणि १४ दिवसांचे उपचार पहिल्या निर्जंतुक अहवालापासून मोजतात, औषधाच्या पहिल्या दिवसापासून नव्हे. डोळ्यांचा पडदाही तपासून घ्यावा. तिथे बुरशी पोहोचली असेल तर कॅस्पोफंजिन पुरेसे पडत नाही.

परिचारिका_आयसीयू :
वरील प्रतिसादाला एक जोड देते. ऑरिस खाटेच्या कठड्यावर, बीपीच्या पट्ट्यावर, थर्मामीटरवर दीर्घकाळ टिकते आणि नेहमीच्या काही जंतुनाशकांना जुमानत नाही. म्हणून आम्ही क्लोरीनयुक्त द्रावण वापरतो. वडिलांना भेटताना आत जाताना आणि बाहेर येताना, दोन्ही वेळा हातांना सॅनिटायझर लावा आणि शेजारच्या खाटेला हात लावू नका. घरातल्या धडधाकट माणसांना यापासून सहसा धोका नसतो, त्यामुळे वडिलांचा हात हातात घ्यायला घाबरू नका. त्यांना त्याची गरज आहे.

माळरान :
दोघांचेही मनापासून आभार. अहवालात ट्रॉपिकॅलिस आली आहे. मानेतील लाइन आज काढणार आहेत, आणि डोळ्यांबद्दल विचारताच डॉक्टरांनी नेत्रतज्ज्ञांना बोलावण्याची नोंद आमच्यासमोरच केसपेपरवर केली.