शब्दचर्चा : ‘प्रवणता’ ठेवावी की दुसरा शब्द घ्यावा?

केळापूरकर : आशा कार्यकर्त्यांसाठी स्किझोफ्रेनिया या गंभीर मानसिक आजारावरचे एक पत्रक मी मराठीत लिहितो आहे. झुबिन आणि स्प्रिंग या मानसशास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये मांडलेला विचार त्यात आहे : अंगी असलेली आजाराकडे झुकण्याची शक्यता आणि आयुष्यात वाट्याला येणारा ताण यांची बेरीज त्या माणसाच्या सहनशक्तीपलीकडे गेली, की आजार प्रकट होतो. पहिल्या घटकासाठी मी ‘आनुवंशिक प्रवणता’ असे लिहिले, तर आमच्या गटप्रवर्तक ताईंनी ते खोडले. गावात त्याचा अर्थ ‘खानदानी रोग’ असा लावला जाईल आणि त्या घरच्या मुलींच्या सोयरिकी मोडतील, असे त्या म्हणाल्या. मग कोणता शब्द घ्यावा?

दर्यापूरचा वाचक : ‘प्रवण’ सोडू नये. संस्कृतात प्रवण म्हणजे उताराचे. उताराच्या वावरातली माती पावसाशिवाय वाहून जात नाही, आणि बांध घातला तर पावसातही बरीच टिकते. आपल्याला नेमके हेच सांगायचे आहे.

बुलढाण्याची शिक्षिका : व्युत्पत्ती वाचकाच्या कानावर नसते. आमच्याकडे हा शब्द ‘अवर्षणप्रवण तालुका’ या सरकारी नावातूनच पोचला, आणि तिथे त्याचा अर्थ ‘दुष्काळ ठरलेलाच’ असा घेतात. त्यापेक्षा ‘जोखीम’ म्हणा आणि आकडे द्या. एरवी हा आजार शंभरात सुमारे एकाला होतो. सख्ख्या भावंडाला असेल तर सुमारे नऊ-दहा जणांना. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला झाला तरी दुसऱ्याला होण्याचे प्रमाण निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून कमीच आढळते. रक्त तेच असूनही दुसरा सुटतो, हे मुलीच्या बापाला कळलेच पाहिजे.

दर्यापूरचा वाचक : ‘जोखीम’ माणूस घेतो किंवा पत्करतो, ही तर जन्मासोबत येते. माझी आजी ‘जडजोखीम’ म्हणजे दागदागिने म्हणत असे, सांभाळायला दिलेली वस्तू या अर्थाने.

मूर्तिजापूरचे निवृत्त मास्तर : केळापूरकरांनी ‘आनुवंशिक’ शुद्ध लिहिले याचा आनंद वाटला. ‘अनुवांशिक’ हे रूप सर्वत्र फोफावले आहे आणि ते व्याकरणाला धरून नाही.

बुलढाण्याची शिक्षिका : सर, लोक जे बोलतात आणि वाचतात, तेही भाषेत धरावे लागेल.

वणीची परिचारिका : माझा आक्षेप ‘ताण’ या शब्दावर आहे. ताण म्हटला की आमच्याकडे नापिकी, कर्ज किंवा सासुरवासच डोळ्यांपुढे येतो, आणि घरात कुणी आजारी पडले की सगळा दोष सुनेवर किंवा आईवर ढकलला जातो. या विचारातला ताण फार रुंद आहे : गरोदरपणातली उपासमार, अडलेले बाळंतपण, लहानपणी झालेला छळ, कोवळ्या वयात लागलेला गांजा, मुलूख सोडून परक्या ठिकाणी राहणे. नेदरलँड्समध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात अन्नाची भीषण टंचाई झाली. तिचा कडेलोट झाला त्या दिवसांत गर्भ राहिलेल्या मुलांमध्ये पुढे या आजाराचे प्रमाण सुमारे दुप्पट आढळले. गर्भातल्या बाळावर आलेल्या या संकटाला ‘ताण’ म्हणून चालेल का?

दर्यापूरचा वाचक : ‘आघात’ म्हणता येईल.

वणीची परिचारिका : आघात एका क्षणाचा असतो, उपासमार महिनोन्‌महिने चालते. ‘झळ’ कसा वाटतो?

मूर्तिजापूरचे निवृत्त मास्तर : झळ ही आगीची किंवा उन्हाची, उपासमारीला तो शब्द मला मान्य नाही.

वणीची परिचारिका : दुष्काळाची झळ, महागाईची झळ असे आपण रोज म्हणतो, सर.