सीएसआरच्या आधी चाकरमानी

गावाच्या रुग्णवाहिकेसाठी संस्था नुकतीच नोंदवली आहे, तर कंपन्यांकडे सीएसआर निधी (सामाजिक कामांसाठी कंपन्या देतात तो पैसा) मागू या, ही सूचना कळकळीची आहे; पण आत्ता ती लागू पडणार नाही. कंपनीने स्वतः न काढलेल्या संस्थेला असा निधी मिळायचा तर आयकर खात्याकडची १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करवजावट) नोंदणी, सीएसआर-१ या सरकारी नोंदणी अर्जाचा क्रमांक आणि तशाच कामाचा किमान ३ वर्षांचा अनुभव लागतो.

कोकणात देवळाचा जीर्णोद्धार असो की शाळेची खोली, पैसा मुंबईच्या चाकरमान्यांनीच उभा केला आहे. गणपतीत आणि शिमग्याला बंद घरंही उघडतात, तेव्हा वाडीवार फिरा. पण त्याआधी गावकऱ्यांच्या मुंबई मंडळाच्या सभेत अंदाजपत्रक ठेवा, आणि त्यात गाडीच्या किमतीपेक्षा चालकाचा पगार, डिझेल, विमा, टायर यांवर जास्त बोला. गाडीवर नाव घालून देणारा दाता भेटतो, चालकाच्या पगाराला भेटत नाही. रात्री दोन वाजता खाडीपलीकडच्या वाडीतून बाळंतिणीला रत्नागिरीला न्यायचं तर चालक गावातच हवा! म्हणून एकरकमी देणगीइतकीच घरटी मासिक वर्गणी मागा, ती यूपीआयने थेट संस्थेच्या खात्यात घ्या.

करसवलतीचं आमिष मात्र दाखवू नका. ८०जीची वजावट जुन्या करप्रणालीतच मिळते, आणि २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला तीही नाही. त्यापेक्षा दर महिन्याचा जमाखर्च देवळाच्या सभामंडपात लावा आणि त्याचा फोटो मुंबईकरांना पाठवा. पुढची वर्गणी त्यावरच येईल.